रोह्याचं बोलावणं

“सर, रोह्याहून उत्तर आलंय,” असं म्हणत मी डॉक्टर चिटणीसांच्या केबिनमध्ये शिरले, तेव्हा ते एका पेशंटचा कार्डिओग्राम टेबलावर पसरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठून?”

“रोह्याहून. शरयू गुप्त्यांकडून. तुमच्या खाजगी खात्यावर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “कसलं उत्तर? आपण काय विचारलं होतं?”

मी छापून आणलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. तोंडाने सांगायची माझी छाती नव्हती. कागदावर चारच ओळी होत्या. “दादा, येतोस म्हणालास ते वाचलं. दोनदा वाचलं. बिरड्यासाठी वाल उद्या भिजत घालते. शनिवारी सकाळी लवकर नीघ, म्हणजे घाटात गर्दी लागणार नाही. – शरू.”

डॉक्टरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, “मी येतो असं कोणी कळवलं तिला?”

“मी,” मी म्हटलं. “म्हणजे मुद्दाम नाही. चुकून.”

“पुन्हा?” ते म्हणाले. तो शब्द माझ्या कानाला खटकला, कारण त्यांच्या खाजगी खात्याच्या कामात माझी आयुष्यात एकदाही चूक झालेली नव्हती, निदान माझी तशी खात्री होती. पण तो वाद घालायचा प्रसंग नव्हता.

मी त्यांची सेक्रेटरी होते. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयरोगाचा विभाग त्यांच्याकडे होता, शिवाय मेडिकल कॉलेजात ते शिकवत. त्यामुळे त्यांची मेलची खाती तीन: हॉस्पिटलचं, कॉलेजचं आणि खाजगी. तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात ते खोटं नाही. हॉस्पिटलवाले बुधवारी दहाची मीटिंग ठेवत, कॉलेजवाले त्याच बुधवारी त्याच दहाला तोंडी परीक्षा ठेवत, आणि दोघांचीही बोलावणी एकमेकांना न विचारता येऊन बसत. ती तिन्ही कॅलेंडरं एका खिडकीत उघडून, एकाला हो म्हणायचं, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला तारीख बदलून मागायची, हे माझं काम. ते मी फार चोख करत असे. फुशारकी नाही मारत, पण नऊ वर्षांत डॉक्टर चिटणीस कुठे उशिरा पोचले किंवा एका वेळी दोन ठिकाणी हवे होते असं कधी झालं नाही. सगळा विभाग माझ्या नावाने बोटं मोडायचा, आणि अडला की माझ्याकडेच यायचा.

खाजगी खात्याचा नियम मात्र वेगळा होता. ते उघडायचं, आलेलं डॉक्टरांना दाखवायचं, पण उत्तर द्यायचं नाही. हा नियम त्यांनी पाच वर्षांपूर्वी एका सकाळी अचानक घातला होता. त्याआधी त्या खात्यावरचंही सगळं मीच बघत असे. कारण विचारलं तर म्हणाले, “कारण काही नाही. राहू द्या.” मला ते लागलं होतं. माणूस आपल्या कामाबद्दल हळवा असतो, आणि मी जरा जास्तच होते.

त्या खात्यावर दर वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी एक बोलावणं यायचं. पाठवणार शरयू गुप्ते, विषय ‘भाऊबीज’, ठिकाण रोहा, वेळ सकाळी अकरा. वाढदिवस एकदा लिहून ठेवला की कॅलेंडर तो जन्मभर दाखवत राहतं, पण भाऊबीज तिथीने येते, कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. म्हणजे बाई दर वर्षी पंचांग बघून नव्याने बोलावणं धाडत होत्या. डॉक्टरांनी लग्न केलेलं नव्हतं, आईवडील मागे गेलेले, आणि ही त्यांची एकुलती एक धाकटी बहीण. एवढं मला ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, “याला काय कळवताय?” तर म्हणाले, “असू दे तसंच.” त्यानंतर मी विचारणं सोडलं. उत्तर न दिलेलं बोलावणं कॅलेंडरात पोकळ चौकटीसारखं दिसतं, नुसती कड, आत रंग नाही. ती चौकट तशीच राहायची. पण त्या दिवशी बाकीच्या दोन्ही कॅलेंडरांत काहीही घ्यायचं नाही, हे सांगायला ते विसरत नसत. मग भाऊबीजेला सुट्टी असूनही डॉक्टर हॉस्पिटलात येत, अकराला केबिनचं दार लावून घेत आणि एकला बाहेर पडत. एकदा मी सही घ्यायला आत गेले होते. ते कॅलेंडर उघडून त्या चौकटीकडे बघत बसले होते. मी कागद न ठेवताच मागे फिरले. इतका मोठा डॉक्टर, आणि त्याला जावंसं वाटतंय हे त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. मग हा माणूस जात का नाही, हे कोडं मला पाच वर्षं सुटलं नव्हतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात हॉस्पिटलने जुना प्रोग्रॅम काढून नवा आणला. तो बसवायला आलेला माणूस म्हणाला, ज्या बोलावण्यांना उत्तर दिलेलं नाही ती नव्यात येणार नाहीत, पुसली जातील. मला त्या चौकटीची काळजी पडली. ती पुसली गेली आणि भाऊबीजेला डॉक्टरांनी दार लावून कॅलेंडर उघडलं तर तिथे काही नसेल, हे मला बघवलं नसतं. म्हणून मी ‘येणार’ दाबलं आणि खाली ‘पाठवणाऱ्याला कळवू नका’ या ओळीवर खूणही केली. ती खूण फक्त हॉस्पिटलच्या खात्यापुरती चालते, हे मला नंतर कळलं. खाजगी खात्यावरून उत्तर गेलंच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “आता कळवा, जमत नाही म्हणून.”

मी माझ्या टेबलाशी आले, बोलावणं उघडलं, बाण ‘नाही’वर नेऊन ठेवला आणि तिथेच थांबले. उद्या वाल भिजत पडणार होते. वालाला मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलायचा, हे तीन दिवसांचं काम असतं. पाच वर्षं जिने उत्तराची वाट पाहिली, तिला पहिलं उत्तर हो आणि दुसरं नाही पाठवायचं? मी उठले आणि पुन्हा केबिनमध्ये गेले.

“सर, मला हे होणार नाही. तुम्ही दाबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते बोलावणं उघडलं. या वेळी चौकटीत रंग भरलेला होता. माउसवर हात ठेवून ते बराच वेळ बसले. हजारो हृदयांवर काम केलेला तो हात, पण एक बटण दाबायला उचलेना.

“शनिवारी तुम्हाला काही काम आहे का, घाटपांडेबाई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माझा भाऊ इंदूरला असतो, त्याची भाऊबीज फोनवरच होते. बाकी घरी मी एकटीच.

“मग बरोबर चला. उत्तर तुम्ही दिलंत, तर निम्मी वाट तरी तुम्ही चालवा मला.”

शनिवारी सकाळी सहाला त्यांनी स्वतः गाडी काढली. आम्ही ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो. मग मुळशीचं पाणी दिसायला लागल्यावर ते आपणहून बोलायला लागले. शरू त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई आजारी असायची, म्हणून तिची वेणी घालायचं काम यांच्याकडे होतं, आणि यांना तीन पेडांची वेणी घालता यायची नाही, म्हणून ती शाळेत कायम दोन गाठींवर जायची. हे सांगताना ते हसले. नऊ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ती पुढे रोह्याला शिक्षिका झाली, तिथल्याच विनायक गुप्ते नावाच्या सरळ माणसाशी तिचं लग्न झालं. मेहुण्याचं नाव घेतलं आणि डॉक्टरांचं हसू गेलं.

“विनायक गेला तेव्हा बावन्न वर्षांचा होता,” ते म्हणाले. “हृदयाने गेला. जिचा भाऊ हृदयाचा डॉक्टर, तिचा नवरा हृदयाने गेला. चार दिवस आधी माझ्या हाती लागला असता तर आज तोच दारात उभा राहिला असता.”

“मग आणला का नाही त्यांना?”

“आणणार होते. तारीख दिली होती. तारखेच्या आधी गेला.”

“यात तुमचा काय दोष, सर?”

“तारीख माझ्या नावाने गेली होती,” ते म्हणाले आणि पुढच्या वळणाकडे बघायला लागले. म्हणजे यांनीच दिली असणार, असं मी समजले. बहिणीच्या नवऱ्याची तारीख काय सेक्रेटरी देते? मी त्यांच्यासाठी हळहळले. त्या क्षणी मला माझ्याबद्दल कसलीही शंका आली नव्हती. आज त्याचीच लाज वाटते.

साडेनऊच्या सुमारास आम्ही पोचलो. नदीपासून जवळच एका दुमजली इमारतीत खालचा ब्लॉक होता. दार उघडंच होतं आणि दारात रांगोळी. शरयूताई बाहेर आल्या. चाळिशी उलटलेली, बारीक अंगाची बाई, पांढरे झालेले केस न लपवलेली. नाक डॉक्टरांचंच होतं. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना.

“घाटात गर्दी होती का?” शरयूताईंनी विचारलं.

“नव्हती,” डॉक्टर म्हणाले.

“मग बरं झालं. बस.”

पाच वर्षांनंतर भेटलेल्या भावाबहिणीचं बोलणं तेवढंच झालं. मी आपली ओळख सांगायला तोंड उघडलं, पण डॉक्टरच घाईने म्हणाले, “या आमच्या ऑफिसातल्या. सोबतीला आल्यात.” नाव त्यांनी सांगितलं नाही. शरयूताईंनी पाणी दिलं, डॉक्टरांना हातपाय धुवायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, “तुम्ही जरा आत येता? ताट तयार करायचंय.”

स्वयंपाकघरात बिरड्याचा वास भरला होता. ओट्यावर कानवल्यांचं ताट झाकून ठेवलं होतं. त्यांनी मला निरांजनाच्या वाती दिल्या आणि स्वतः सुपारी, अक्षता काढायला लागल्या. पाठ माझ्याकडेच होती.

“पाच वर्षं मी चंद्राला ओवाळते,” त्या म्हणाल्या. “भाऊ नसला की ओवाळतात ना, तसं. बिजेची कोर बारीक असते हो, गच्चीवर जाईस्तोवर मावळते. दोन वर्षं तर ढगांत दिसलीसुद्धा नाही. तेव्हा नुसतंच आभाळाला ओवाळलं.”

मी वाती तुपात बुडवत राहिले.

“फोन केला तर उचलायचा नाही. पत्राला उत्तर नाही. मग आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी हे बोलावणं पाठवायला शिकवलं. म्हणाल्या, हे समोरच्याने हो म्हटलं नाही तरी त्याच्या कॅलेंडरात जाऊन बसतं. मी म्हटलं, मला तेवढं पुरे.” त्या वळल्या. “तुम्ही त्याच्या ऑफिसातल्या. तुम्हाला माहीत असेल. एकच विचारते, त्याला विचारायची माझी हिंमत नाही.”

“विचारा ना.”

“यांना धाप लागायला लागली तेव्हा मी दादाला मेल केली होती. यांच्याच खात्यावरून, कारण रिपोर्ट तिथे होते. डॉक्टरी रिपोर्ट म्हणून सगळं इंग्रजीत लिहिलं, आणि शेवटी मराठीत, तुझी शरू. उत्तर आलं, जुलैची चौदा तारीख. बारा दिवसांनंतरची. मला वाटलं होतं तो म्हणेल, आत्ता घेऊन ये. पण चौदा म्हणाला.” त्यांनी पदराने हात पुसले, ओले नव्हते तरी. “मी यांना सांगितलं, दादाने रिपोर्ट बघून तारीख दिली आहे. त्याला कळतं. चौदापर्यंत धोका नाही, म्हणूनच चौदा दिली. हे म्हणत होते, इथेच कोणाला तरी दाखवू. मी दाखवू दिलं नाही. नवव्या तारखेला पहाटे गेले.”

त्यांनी अक्षतांची वाटी ताटात ठेवली.

“मला त्याच्यावर राग नाही. मोठे मोठे डॉक्टर चुकतात. फक्त मला कळायला हवं. त्याने रिपोर्ट बघून चौदा तारीख सांगितली, की न बघताच? बघून सांगितली असेल तर मी यांना जे सांगितलं त्याला काही आधार तरी होता. न बघता सांगितली असेल तर मी उगाचच…”

मी हातातली वात खाली ठेवली. मला ती मेल आठवली होती. वर्षाला दीड-दोन हजार तारखा मी देत असे, एकही आठवत नाही, पण ती आठवली. व्ही. एम. गुप्ते, वय बावन्न, जिना चढताना धाप. आणि सगळ्यात खाली एक ओळ, नुसत्या रिकाम्या चौकोनांची. तेव्हा मराठी अक्षरं आमच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन यायची. काहीतरी बिघाड आहे म्हणून मी ती ओळ सोडून दिली. डॉक्टरांच्या खाजगी खात्यावर पेशंट परस्पर शिरतात याचा मला राग यायचा. रांग सोडून कोणाला आत घ्यायचं नाही, हा माझा बाणा. मी पहिली मोकळी तारीख बघितली आणि हॉस्पिटलच्या खात्यावरून उत्तर धाडलं. डॉक्टरांना दाखवलंसुद्धा नाही. त्याच जुलैत डॉक्टर चार दिवस कुठेतरी गेले होते, परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने, आणि आल्या आल्या त्यांनी मला तो नियम घातला होता. पुन्हा, हा शब्दही आता कळला. त्यांना सगळं ठाऊक होतं. पाच वर्षं रोज ते मला नमस्कार करून आत जात होते आणि मला ठाऊक नव्हतं.

मला माहीत नाही, असं म्हणणं सोपं होतं. कोणी पुरावा मागणार नव्हतं. डॉक्टरांनी माझं नाव आत येऊ दिलं नव्हतं, ते याचसाठी.

“त्यांनी रिपोर्ट बघितले नव्हते,” मी म्हटलं. “मेलच बघितली नव्हती. त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. चौदा तारीख मी दिली.”

बिरडं खाली लागायला लागलं होतं. शरयूताईंनी हात लांबवून गॅस बंद केला.

“नाव काय तुमचं?”

“सुमन घाटपांडे.”

“एस. घाटपांडे,” त्या म्हणाल्या. “खाली लिहिलेलं होतं. मला वाटायचं, कोणी पुरुष असेल.”

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी निरांजन लावलं, ताट उचललं आणि बाहेर गेल्या. मला काय करावं कळेना, म्हणून मी दाराशी उभी राहिले. डॉक्टर पाटावर बसले होते, डोक्यावर टोपी, मांडीवर हात.

“दादा, तू माझी मेल बघितलीच नव्हतीस,” शरयूताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या आडून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“नाही,” ते म्हणाले. “नंतर शोधली. म्हणजे विनायक गेल्यावर.”

“मग बोलला का नाहीस? पाच वर्षं?”

“काय बोलणार होतो, शरू? माझ्या सेक्रेटरीने दिली म्हणू? तुझा नवरा गेला आणि मी तुला सेक्रेटरीचं नाव सांगू? खातं माझं होतं. ते दुसऱ्याच्या हातात देऊन मी मोकळा झालो होतो.”

“मला नाव नको होतं रे. तू यायला हवा होतास,” शरयूताई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातलं ताट हलायला लागलं. डॉक्टरांनी पाटावर बसल्या बसल्या ताटाला खालून हात दिला. तसंच दोघांनी धरलेलं ताट फिरवून त्यांनी ओवाळलं. अक्षता टाकताना त्यांना रडू आलं, आणि डॉक्टर तर केव्हाचेच रडत होते. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी असंही वाटलं की या खोलीत माझ्यासाठी जागा नाही.

जेवायला मात्र त्यांनी मलाही बसवलं. सणाच्या दिवशी घरात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आपल्यात रीत नाही. भात, बिरडं, वर तूप, कानवले. मला हात आखडून वाढलं नाही, डॉक्टरांच्या पानात दोन तर माझ्याही पानात दोन. पण डॉक्टरांना आग्रह झाला, ते नको नको म्हणत असताना तिसरा कानवला पानात पडला, आणि मला आग्रह झाला नाही. बिरडं इतकं चांगलं होतं की मी ते खाऊ शकत होते याचंच मला वाईट वाटलं.

निघताना डॉक्टर गाडी वळवायला गेले. शरयूताई दारात उभ्या होत्या. मी खूप काही ठरवलं होतं, त्यातलं एकही जमलं नाही.

“येते,” मी म्हटलं.

कोणी येते म्हटलं की आपण ‘या’ म्हणतो. कोणालाही म्हणतो, दूधवाल्याला, पत्ता विचारायला आलेल्याला. मी उंबऱ्याबाहेर चपला घालत रेंगाळले. एक पट्टा सोडून पुन्हा लावला. त्यांनी मान हलवली, रागाने नव्हे, आणि भावाच्या गाडीकडे बघत राहिल्या. त्यांचाही दोष नाही. तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, इतकंच.

परतीच्या घाटात डॉक्टर म्हणाले, “मी तुम्हाला हे कधीच कळू देणार नव्हतो.”

“मला काढून का नाही टाकलंत, सर?”

“त्या आठवड्यात काढणारच होतो. मग वाटलं, नवीन येईल तोही हेच करेल. तुम्ही नियमानेच वागलात. माझ्या बहिणीला रांगेत उभं राहायला लागू नये, एवढं मीच तुम्हाला सांगून ठेवायला हवं होतं.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “आज तुम्ही बोललात, ते मला पाच वर्षांत जमलं नाही.” मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माझे डोळे दिसू नयेत एवढंच मला हवं होतं.

पुढच्या दिवाळीपासून ते बोलावणं आलं की डॉक्टर स्वतः ‘येणार’ दाबत. सकाळी मी कॉम्प्युटर लावायचे तेव्हा चौकट भरलेली असायची. दर वर्षी मी ते उघडून बघायचे, कोणाकोणाला बोलावलंय म्हणून. खाली एकच नाव असायचं. असायलाही तेच हवं होतं. डॉक्टर रोह्याहून येताना कानवल्यांचा डबा आणत आणि माझ्या टेबलावर ठेवत. तो माझ्यासाठी दिलेला असायचा की ते स्वतःच्या वाट्यातले देत, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खोटं बोलले नसते.

मला निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. माझीही खाती तीन आहेत. एक हॉस्पिटलातून निघताना केलेलं, एक बँकेसाठी, एक भाचीने करून दिलेलं. त्यांतलं एकही शरयूताईंना ठाऊक नाही, मी कधी दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. तरी पंचांगात भाऊबीज कधी आहे ते बघून, त्याच्या महिनाभर आधीपासून मी रोज सकाळी चहा झाला की तिन्ही खाती उघडते. आधी आलेल्या मेल बघते. मग नको असलेल्या मेल जिथे जाऊन पडतात, तिथेही बघून येते.